दोन घड्याळांचा देश

इथिओपियाला जाणारा पर्यटक तयारी करतो ती बहुतेक वेळा भलत्याच गोष्टींची. लालिबेलाची दगडात कोरलेली चर्चेस, ओमो खोऱ्यातल्या ओठांत चकती घालणाऱ्या मुर्सी बायका, हरारच्या तटाबाहेर माणसाच्या हातून मांस खाणारे तरस, हे सगळं त्याने घरी बसून फोटोंत पाहिलेलं असतं. प्रत्यक्षात पाहून तो थक्क होतो, नाही असं नाही. पण त्या थक्क होण्याचे पैसे त्याने आधीच भरलेले असतात. खरी गडबड उडते ती कुठल्याच फोटोत न मावणाऱ्या गोष्टींनी. आत्ता किती वाजले, आज कोणतं साल चालू आहे, समोरच्या माणसाचं आडनाव काय, आणि आपण बोलत असताना तो दचकला की 'हो' म्हणाला?

मी इथिओपियात हिंडले त्यानंतर अनेकांनी मला लालिबेलाबद्दल विचारलं. लालिबेला थोरच आहे. पण मला सांगावंसं वाटतं ते या दुसऱ्या गोष्टींबद्दल, आणि त्या गोष्टी रोज दोन-दोन पद्धतींनी सांभाळणाऱ्या माणसांबद्दल.

आधी एक जुनं चित्र बाजूला करायला हवं. १९८३ ते १९८५ च्या दुष्काळाची दृश्यं जगभरच्या टीव्हीवर गेली, १९८५ च्या जुलैत लंडन आणि फिलाडेल्फियात मदतीसाठी प्रचंड मैफली झाल्या, आणि तेव्हापासून इथिओपिया म्हटलं की भेगाळलेली जमीन आणि हाडांचे सापळे, हे समीकरण पक्कं झालं. त्यामुळे पहिला धक्का विमानातून खाली पाहतानाच बसतो. पावसाळ्यानंतर गेलात तर खाली हिरवंगार पठार दिसतं, त्यावर शेतांचे चौकोन, आणि मधेच नद्यांनी खोल कापलेल्या दऱ्या. अदीस अबाबा समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरहून उंचावर आहे. आफ्रिका म्हणून सुती कपडे घेऊन आलेली माणसं संध्याकाळी हॉटेलच्या दारात कुडकुडत उभी असतात. तो दुष्काळ खोटा नव्हता, फार मोठ्या संख्येने माणसं त्यात गेली. पण एखाद्या देशाची एकच दोन वर्षं चाळीस वर्षं दाखवत राहिलं की पाहणाऱ्याच्या डोक्यात तो देश तिथेच थांबतो.

आता घड्याळ.

अदीस अबाबा विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम नऊ अंशांवर आहे. तिथे वर्षभर सूर्य सकाळी सहा ते सातच्या मधे कधीतरी उगवतो आणि संध्याकाळी सहा ते सातच्या मधेच मावळतो. दिवस बारा तासांचा, रात्र बारा तासांची. कमीजास्त होतं ते फार तर अर्ध्यापाऊण तासाने. मग दिवस मोजायचा कुठून? इथिओपियन माणूस तो उजाडल्यापासून मोजतो. जगाच्या घड्याळात सकाळचे सात वाजले की तिथे एक वाजतो, कारण दिवसाचा एक तास झाला. दुपारचे बारा म्हणजे सहा. संध्याकाळचे सहा म्हणजे बारा, आणि तिथून रात्रीचे तास पुन्हा एकपासून. मध्यरात्र म्हणजे रात्रीचे सहा. केनिया आणि टांझानियातले स्वाहिली बोलणारे लोकही तास असेच मोजतात, त्यामुळे हे एका देशाचं वेगळेपण म्हणूनही सोडून देता येत नाही. जिथे सूर्य इतका वक्तशीर आहे तिथे ऐन झोपेच्या मध्यावर दिवस सुरू करण्याचं काहीच कारण नाही. विचार करत गेलं तर मध्यरात्रीला तारीख बदलणंच जास्त नवलाचं वाटायला लागतं.

याची एक युक्ती आहे. काट्यांचं घड्याळ असेल तर तासकाट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. काटा सातवर, तर समोर एक. काटा दहावर, तर समोर चार. सहा तासांचा फरक म्हणजे तबकडीवर नेमकं अर्धं वर्तुळ, म्हणून हे जमतं. एकदा हे डोळ्यांत बसलं की आकडेमोड करावी लागत नाही.

अडचण येते ती कुठे कोणतं घड्याळ चालतं हे ओळखताना. विमानाचं तिकीट जगाच्या घड्याळाप्रमाणे असतं. शाळा, बाजार, दवाखाना आणि बरेचदा बस ही सगळी उजाडण्याच्या घड्याळाप्रमाणे. मोठी हॉटेलं पहिल्या घड्याळात, त्याच हॉटेलात झाडलोट करणारी माणसं आपसात दुसऱ्या घड्याळात. बाहिर दार या शहरात बसच्या खिडकीवरच्या मुलीने मला तिकीट देण्याआधी एकदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग तिकिटावर लिहिलेल्या ११ भोवती पेनाने गोल केला, शेजारी ५ लिहिलं, खाली एक छोटा सूर्य काढला आणि त्यावर काट मारली. म्हणजे पहाटेचे पाच, उजाडायच्या आधी. एक शब्द न बोलता तिने मला सगळं समजावलं, आणि तिकीट सरकवून मागच्या माणसाकडे वळली.

तिच्या त्या गोलाचा मी नंतर बराच विचार केला. रांगेतला प्रत्येक परदेशी चेहरा दिसला की ती हा हिशेब करत असणार. हॉटेलातला मुलगा, गाडीवाला, गाईड, दुकानदार, सगळे करतात. वेळ सांगून झाली की लगेच विचारतात, हबेशा की फरेंजी? हबेशा म्हणजे तिथले, फरेंजी म्हणजे बाहेरचे. दोन्ही वेळा त्यांना येतात आणि दोन्हींतून ये-जा करताना ते अडखळत नाहीत. प्रवाशांच्या लिखाणात मात्र या गोष्टीची नोंद 'गोंधळात टाकणारी पद्धत' अशी होते. गोंधळ ज्याला एकच घड्याळ येतं त्याचा असतो. ज्यांना दोन येतात त्यांच्या शहाणपणाची नोंद कुणी करत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सालाचंही तेच. ११ सप्टेंबर २०२५ ला तिथे २०१८ साल लागलं. सात-आठ वर्षांचा हा फरक पडला कारण येशूच्या जन्माचं वर्ष कोणतं धरायचं याचा हिशेब अलेक्झांड्रियाच्या परंपरेत एक झाला आणि रोमच्या परंपरेत दुसरा. इथिओपियन चर्चने पहिला धरला आणि तो सोडला नाही. पुढे १५८२ मध्ये पोप ग्रेगरीने कॅलेंडर दुरुस्त केलं, तेही त्यांनी घेतलं नाही. म्हणून तिथला ख्रिसमस ७ जानेवारीला येतो. वर्षाचे बारा महिने बरोबर तीस-तीस दिवसांचे, आणि उरलेल्या पाच दिवसांचा, लीप वर्षी सहा दिवसांचा, पागुमे नावाचा तेरावा महिना. महिन्यात किती दिवस हे बोटांची पेरं मोजून आठवायची गरज नाही. 'तेरा महिने ऊन' हे देशाच्या पर्यटनाचं घोषवाक्य अनेक वर्षं होतं, आणि ते शब्दशः खरं होतं, निदान महिन्यांच्या बाबतीत. ऊन बारमाही नसतं. जून ते सप्टेंबर तिथे चांगला पाऊस पडतो.

आणि म्हणूनच नवं वर्ष सप्टेंबरात येणं इतकं बरोबर वाटतं. पाऊस ओसरतो, डोंगरउतारांवर आदेय अबेबा नावाची पिवळी फुलं येतात, नद्यांचं पाणी उतरून वाटा पुन्हा मोकळ्या होतात, आणि मग वर्ष बदलतं. निसर्गात त्या दिवशी खरोखरच काहीतरी सुरू झालेलं असतं. जगाने नवं सहस्रक साजरं करून साडेसात वर्षं उलटल्यावर, १२ सप्टेंबर २००७ ला, अदीस अबाबाने आपलं साजरं केलं. त्यावेळी बाहेरच्या बातम्यांचा सूर 'उशिरा' असा होता. उशीर कशाला म्हणायचं हे कोण ठरवतं, असा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा इतका ठसठशीत पडला.

नावांकडे वळू. इथिओपियात आडनाव नसतं. माणसाचं स्वतःचं नाव, त्यापुढे वडिलांचं, कागदोपत्री लागलंच तर आजोबांचं. धावपटू हैले गेब्रसेलासी यांनी १९९६ आणि २००० च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरचं सुवर्ण जिंकलं, आणि जगभरचे समालोचक 'गेब्रसेलासी, गेब्रसेलासी' म्हणून ओरडत राहिले. गेब्रसेलासी हे त्यांच्या वडिलांचं नाव. मायदेशी ते हैलेच. तिरुनेश आणि गेंझेबे या धावपटू बहिणी दोघी दिबाबा, कारण वडील दिबाबा. त्यांची चुलतबहीण देरार्तू, जिने १९९२ ला बार्सिलोनात सुवर्ण जिंकलं, ती तुलू, कारण तिचे वडील वेगळे. कुळाचं नाव म्हणून काही पुढे चालतच नाही. दर पिढीला शेवटचं नाव बदलतं. लग्न झाल्यावर बाई नाव बदलत नाही, बदलायला कारणच नाही, ती आपल्या वडिलांची मुलगी आहे ती आहेच.

यामुळे व्यवहारात काय होतं ते पाहा. आदराने हाक मारायची तर पुरुषाला 'आतो' आणि विवाहितेला 'वेझेरो' लावतात, आणि त्यापुढे तिचं किंवा त्याचं स्वतःचं नाव. डॉक्टर असो की मंत्री, पहिलंच नाव. बाहेरून आलेला माणूस जिभेवर बसलेल्या सवयीने शेवटचं नाव घेतो आणि तिथल्या हिशेबाने समोरच्याच्या वडिलांना हाक मारतो. तिथे कुणी रागावत नाही. हसतात, ओ देतात. खरी ओढाताण इथिओपियन माणूस देशाबाहेर पडतो तेव्हा सुरू होते. फॉर्मवर आडनावाचा रकाना असतोच आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एका घरातले आई, वडील आणि मुलं विमानतळाच्या खिडकीसमोर उभी राहतात तेव्हा त्यांची शेवटची नावं तीन असतात: वडिलांचं आजोबांवरून, आईचं तिच्या वडिलांवरून, मुलांचं आपल्या बापावरून. खिडकीपलीकडच्या माणसाला ही मंडळी एका कुटुंबातली वाटेनात तर समजावून सांगायचं ओझं पुन्हा यांच्यावरच. आमच्या गाईडचा भाऊ परदेशात स्थायिक झालेला. तिथे सगळे त्याला वडिलांच्या नावाने ओळखतात. गाईड म्हणाला, 'आमचे वडील कधी गावाबाहेर गेले नाहीत, आणि आता रोज ऑफिसला जातात.' हे तो हसत म्हणाला, पण त्याला ते आवडलेलं होतं असं मला वाटत नाही.

बोलणं ऐकताना इथिओपियन माणूस एकदम श्वास आत ओढतो. छोटा, झटक्यात, ऐकू येईल असा, जसा कुणी घाबरल्यावर ओढेल. नवखा माणूस बोलता बोलता थांबतो, मागे वळून पाहतो, आपण काही भलतंच बोललो का असं वाटून ओशाळतो. समोरचा शांत असतो. त्या श्वासाने तो 'हो' म्हणालेला असतो, किंवा 'ऐकतोय, पुढे बोल'. स्वीडनच्या उत्तर भागातही लोक होकार असाच आत श्वास घेऊन देतात, त्यामुळे हे जगात एकाच जागी आहे असंही नाही. फोनवर एखादी म्हातारी बाई दुसऱ्या टोकाचं गाऱ्हाणं ऐकत असते आणि दर वाक्याला तो श्वास घेत असते. तिला एक शब्दही बोलावा लागत नाही. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी त्या श्वासाची वाट पाहते. तो आला नाही तर वाटायचं, ऐकत नाहीये वाटतं.

भेटण्यातही अंग जास्त बोलतं. हात मिळवून उजव्या खांद्याला उजवा खांदा भिडवायचा, जवळचे असतील तर गालाला गाल तीनदा. मग चौकशा सुरू होतात: तू कसा, घरचे कसे, काम कसं, आणि हे संपेपर्यंत मुद्द्याचं बोलायचं नाही. वस्तू किंवा पैसे देताना उजवा हात पुढे आणि डावा हात उजव्या कोपराला टेकवलेला. दुकानात सुटे पैसे परत देतानाही हे होतं. एवढ्याशा टेकवण्याने देण्याघेण्याला किती वजन येतं ते सांगता यायचं नाही, तो हात आपल्यासमोर आला की कळतं.

जेवणाबद्दल लोक सगळ्यात जास्त लिहितात, म्हणून मी थोडक्यात सांगते. टेफ नावाच्या अगदी बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून त्याची मोठी, जाळीदार, मऊ इंजेरा करतात. ताटही तीच आणि घासही तिचाच. एका ताटाभोवती सगळे बसतात, उजव्या हाताने आपल्या समोरचा भाग खातात. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, त्याखेरीज ईस्टरच्या आधीचे सलग पंचावन्न दिवस आणि आणखी कितीतरी. उपास म्हणजे मांस, दूध, अंडी बंद. त्यामुळे आफ्रिकेत शाकाहारी माणसाचे हाल होतील अशी धास्ती घेऊन आलेला प्रवासी बुधवारी मसूर, चणे, पालेभाज्या, बीट यांनी भरलेलं ताट पाहून चकित होतो. आणि उपास संपल्यावर तीच माणसं कच्चं मांस खातात. खाटकाच्या दुकानाला लागूनच बसायची जागा असते, ताज्या मांसाचा तुकडा समोर येतो, सुरीने कापायचा, तिखटात बुडवायचा आणि खायचा. मी ते खाल्लं नाही, पण ते खाणाऱ्यांच्या चेहऱ्यावर सणाचा आनंद होता, तो पाहिला.

मला थांबायचं आहे ते गुर्शापाशी. जेवताना शेजारी बसलेला माणूस इंजेराचा तुकडा तोडतो, त्यात भाजी किंवा मांस नीट गुंडाळतो, आणि तो घास आपल्या तोंडापाशी आणतो. हातात देत नाही, तोंडातच भरवतो. घास मुद्दाम मोठा असतो, कारण लहान घास म्हणजे लहान मन. आपण संकोचाने मान मागे घेतो, नको नको म्हणतो. तो हात तिथेच थांबतो. हे नको म्हणणं आणि तो आग्रह दोन्ही रीतीत बसतं, फक्त शेवटी तोंड उघडायचं असतं. मोठी, नोकरी करणारी, पोरंबाळं असलेली माणसं एकमेकांना भरवत असतात, सासू जावयाला, मित्र मित्राला, मालक कामगाराला. दुसऱ्याचा हात आपल्या ओठांना लागू देणं ही फार मोठी सलगी आहे, आणि ती तासाभराच्या ओळखीवर मिळते. अनोळखी माणसापासून राखायचं अंतर हा सभ्यपणा, असं शिकून आलेल्यांना हे जड जातं. मला जड गेलं, आणि दुसऱ्या घासाला नाही गेलं.

कॉफीची गोष्ट मात्र सवडीनेच सांगायला हवी, कारण ती सवडीनेच होते. अरेबिका कॉफीचं रोप मूळचं इथल्या नैऋत्येकडच्या जंगलांतलं. तिथे कॉफीला बुना म्हणतात. देशात पिकणाऱ्या कॉफीपैकी जवळपास निम्मी देशातच प्यायली जाते. कॉफी पिकवणाऱ्या देशांत हे सहसा दिसत नाही.

बाहिर दारला आमच्या गाडीवाल्याच्या बहिणीकडे आम्ही गेलो होतो. तिने जमिनीवर ताजं, ओलं गवत पसरलं. धुपाचे खडे निखाऱ्यावर टाकले. हिरवे दाणे पाण्यात चोळून धुतले, आणि छोट्या लोखंडी तव्यावर घालून हलवायला घेतले. ती घाई करत नव्हती. दाणे पिवळे झाले, मग तपकिरी, मग तडतडून काळपट चमकायला लागले, तशी ती तवा उचलून आमच्याकडे आली आणि प्रत्येकासमोर धरून हलवला. धूर आपल्याकडे हाताने ओढून घ्यायचा आणि वास कसा आहे ते सांगायचं. मग उखळीत कुटलेली पूड जेबेनात गेली. जेबेना म्हणजे गोल तळाचं, उंच मानेचं काळं मातीचं भांडं. कॉफी उकळून वर आली की खाली काढायची, गाळ बसू द्यायचा, आणि बरीच उंचावरून, एकही थेंब बाहेर न सांडता, बिनकानाच्या छोट्या कपांच्या रांगेवर धार धरत न्यायची. सोबत लाह्या.

पहिली फेरी अबोल, सगळ्यात कडक. त्याच पुडीवर पुन्हा पाणी घालून दुसरी, तोना. मग तिसरी, बरका, अगदी पातळ. तिसरीतच आशीर्वाद असतो असं मानतात, म्हणून तिच्याआधी उठायचं नाही. यात एक-दीड तास सहज जातो. पहिल्या फेरीत पाहुणे अवघडलेले असतात, कुठून आलात, किती दिवस आहात असल्या गोष्टी. दुसऱ्या फेरीपर्यंत शेजारच्या दोन बायका येऊन बसल्या होत्या, कुणाच्या तरी मुलीचं लग्न, कुणाची तरी जमिनीची कटकट, आणि सगळ्यांच्या तोंडून मधूनमधून तो आत ओढलेला श्वास. तिसऱ्या फेरीला माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी तिथे फक्त बसलेली होते, बाकीच्यांसारखी. पर्यटक म्हणून सतत पाहुणचार घेतल्यावर कुणाचंच लक्ष आपल्याकडे नसणं फार सुखाचं असतं.

शहरातल्या कॉफीची तऱ्हा निराळी. अदीस अबाबात चौकाचौकात उभ्याने माकियातो, म्हणजे थोडं दूध घातलेली इटालियन धाटणीची कॉफी, पिणारी गर्दी दिसते, आणि निरोप घेताना लोक सर्रास इटालियन 'चाव' म्हणतात. १८९६ मध्ये अदुवाच्या लढाईत इथिओपियाने इटलीच्या सैन्याचा पराभव केला आणि स्वातंत्र्य राखलं; पुढे १९३६ ते १९४१ या काळात मुसोलिनीच्या इटलीने देश व्यापला. ती पाच वर्षं क्रूर होती. आक्रमक हाकलले गेले, त्यांचं कॉफी यंत्र आणि पास्ता मागे राहिले. अदुवाचा दिवस आजही राष्ट्रीय सुट्टीचा असतो आणि त्या सकाळीही माकियातोच्या टपऱ्यांवर तितकीच गर्दी असते. यात विसंगती आहे असं तिथे कुणालाच वाटत नाही.

आता थोडं अवघड बोलते. दक्षिणेला ओमोच्या खोऱ्यात जाणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते, की तिथले लोक फोटोचे पैसे मागतात, दर फोटोमागे, दर माणसामागे, आणि फोटोसाठी एरवी न घालणारे दागिने, शिंगं, फळं डोक्यावर चढवतात. 'आता ते पहिल्यासारखं राहिलं नाही' असा सुस्कारा मी अनेकांच्या तोंडून ऐकला. मला हा सुस्कारा पटत नाही. गाडी भरून माणसं येतात, गाडीतून उतरून अर्ध्या तासात शंभर फोटो काढतात, कुणाचं नाव विचारत नाहीत आणि निघून जातात. त्यांना काय हवंय हे मुर्सी लोकांनी अचूक ओळखलं आणि त्याची किंमत लावली. जास्त दागिन्यांनी जास्त फोटो निघतात हेही त्यांनी पाहणाऱ्यांकडूनच शिकलं. बायकांना स्वतःला हा बाजार नेहमी सुखाचा वाटत असेल असं नाही, पण बाजार मांडला कुणी, हा प्रश्न बिर्र (तिथलं चलन) मोजून देताना स्वतःला विचारायला हवा. तिथे जाऊन कॅमेरा गाडीत ठेवणारे प्रवासीही असतात. त्यांना उन्हात बसून काहीच न करता वेळ काढावा लागतो, आणि हळूहळू समोरच्यांच्या डोक्यावरची फळं खाली उतरतात.

हरारचे तरस याच्या नेमके उलट. शहराच्या जुन्या तटाला तरसांना ये-जा करायला झरोके ठेवलेले आहेत. रात्री ते आत येऊन रस्त्यांवरचं खरकटं, हाडं साफ करतात. पर्यटकांसमोर मांस भरवण्याचा खेळ अलीकडच्या काही दशकांतला, पण मोहरममधल्या आशुराच्या वेळी त्यांना लोणी घातलेली लापशी द्यायची रीत जुनी. ते ती कशी खातात यावरून येतं वर्ष कसं जाईल ते पाहतात. हा प्राणी बहुतेक ठिकाणी मुलांना भीती घालायला वापरतात, आणि इथे त्याच्यासाठी भिंतीत दार ठेवलंय. पर्यटकांचा खेळ बंद पडला तरी ती दारं राहतील, असं मला वाटतं.

उत्तरेकडच्या तिग्राई प्रांतातल्या युद्धाने २०२० ते २०२२ या काळात देशाचं आणि माणसांचं भयंकर नुकसान केलं, नंतर अम्हारा भागात संघर्ष पेटला. लालिबेलाचे गाईड महिनोन्‌महिने पाहुण्यांविना बसून होते. जायच्या आधी कुठला भाग सुरक्षित आहे याची नीट चौकशी करणं गरजेचं आहे, त्यात हयगय करू नये. पण परिस्थिती साथ देईल तेव्हा जरूर जा, आणि जमलं तर सप्टेंबरात. २०२७ मध्ये तिथलं नवं वर्ष १२ सप्टेंबरला येईल आणि त्या दिवशी २०२० लागेल. विमानाच्या तिकिटावर २०२७ असेल आणि वेळ जगाच्या घड्याळाची असेल. तेवढं जगाचं चालू द्यावं. विमानतळाबाहेर बजाजवाल्याशी (तिथे तीनचाकीला बजाजच म्हणतात) दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवताना मात्र तबकडीवरचा समोरचा आकडा वाचून वेळ सांगा. सकाळी आठला यायचं असेल तर दोन म्हणा, आणि 'हबेशा' असं जोडा. त्या एका सवारीपुरता तरी त्याला हिशेब करावा लागणार नाही.